वडिलांच्या पावलांकडे पाहा

आपल्या घरांतून वडील माणसांच्या पायांस जेवढा मान मिळतो, तेवढा शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवास मिळत नसेल. सणावारी, परीक्षेस जाताना, परगावी निघताना आपण वाकून त्यांच्या पायांना हात लावतो. चरण, पद, पाऊल या शब्दांभोवती आपल्या भाषेने केवढा तरी आदर साठवून ठेवला आहे. परंतु वाचकांनी एक प्रश्न स्वतःस विचारून पाहावा. गेल्या वर्षभरात ज्या पायांवर आपण इतक्या वेळा हात ठेवला, त्यांच्याकडे एकदा तरी नीट निरखून पाहिले काय? उजवा पाय डाव्यापेक्षा गार आहे की काय, बोटांच्या बेचक्यात चीर पडली आहे की काय, टाच भेगाळली आहे की काय, हे आपल्यापैकी किती जणांस सांगता येईल? मला तरी सांगता आले नसते. आणि त्या अज्ञानाची किंमत माझ्या थोरल्या बंधूंना द्यावी लागली. तो प्रसंग सांगावा आणि त्वचेतून रक्त कितपत वाहते हे सुई न टोचता, ओरखडाही न काढता ओळखण्याच्या रीती त्या ओघात समजावून द्याव्यात, असा या महिन्याचा विचार आहे.

आमचे बिऱ्हाड नायगावास जुन्या इमारतीत, दोन भावांचे एकत्र. दादांचे वय त्या वेळी ७४ होते व मधुमेह वीस वर्षांचा. मार्गशीर्षातील एका रात्री वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांचा उजवा पाय फार गार लागतो हो. मोजा घातला तरी ऊब येत नाही." मी उठलो, पाणी तापवले, रबरी पिशवीत भरले, पिशवीवर पंचा गुंडाळला आणि ती दादांच्या पायाशी नेऊन ठेवली. "बरे वाटते का?" म्हणून विचारले. दादा म्हणाले, "छान." सकाळी पाहतो तो दुसऱ्या बोटापासून तळव्यापर्यंत मोठा फोड आलेला. रात्रभर पिशवी पायाशी होती आणि दादांना चटका जाणवलाच नव्हता. धाकट्या भावाने प्रेमाने केलेली ती शुश्रूषा होती, आणि अपायही तिनेच केला.

हे कसे झाले ते समजण्यासाठी त्वचेतील रक्ताचे काम थोडे समजून घेतले पाहिजे. रक्त शरीरात फिरत राहते हे विल्यम हार्वे याने १६२८ साली सिद्ध केले. परंतु रोहिण्यांतले रक्त नीलांत कोणत्या वाटेने जाते हे त्याला दिसले नव्हते. ती वाट, म्हणजे केसाहूनही सूक्ष्म अशा केशवाहिन्या, माल्पिघी याने १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. आपल्या त्वचेखाली अशा केशवाहिन्यांचे दाट जाळे आहे. कातडीस पोसण्यापुरते रक्त थोडेच लागते. पण त्वचेकडे दुसरे एक मोठे काम आहे, ते देहाची उष्णता राखण्याचे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या सर्व त्वचेतून मिनिटास अर्धा लिटर किंवा त्याहून कमी रक्त वाहते, आणि कडक उष्म्यात तोच प्रवाह सहा ते आठ लिटरपर्यंत चढू शकतो. तळहात, तळपाय, नाक, कान यांत तर केशवाहिन्यांस वगळून रोहिणीतून थेट नीलेत उघडणारे आडमार्गही आहेत. थंडीत ते मिटतात, उष्म्यात उघडतात.

आता गरम पिशवीचा विचार करा. निरोगी पायास ऊब लागली की त्वचेतील प्रवाह वाढतो आणि जास्तीची उष्णता रक्ताबरोबर निघून जाते. ज्याच्या रोहिण्या आतून अरुंद झाल्या आहेत, त्याच्या पायात ही सोय नसते. उष्णता जागीच साचते. शिवाय तापलेल्या मांसास प्राणवायू अधिक हवा असतो, आणि तो तर मुळातच कमी येत असतो. त्यात मधुमेहाने मज्जातंतू बधिर केलेले असले म्हणजे 'काढा, भाजते' असे सांगणारा पहारेकरीही झोपलेला. म्हणून पहिली गोष्ट येथेच सांगून ठेवतो: मधुमेही माणसाचा पाय गार लागला तर तो शेकू नये. सुती किंवा लोकरीचा सैल मोजा घालावा आणि गारठ्याचे कारण शोधावे.

आम्ही कारण शोधले नाही. फोडावर मलम लावले आणि वरून मोजा चढविला. माझ्या पुतण्यास मात्र चैन पडेना. २०२०–२१ च्या साथीत घरोघर आलेले ते बोटास लावायचे चिमुकले यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, आमच्याही कपाटात होते. त्याने ते दादांच्या पायाच्या अंगठ्यास लावले. आकडा आला ९६. "काका, शहाण्णव आहे, म्हणजे रक्त उत्तम चालले आहे!" सर्वांस हायसे वाटले. ज्या वैद्यांकडे आम्ही गेलो त्यांनीही वयोमानावर बोट ठेवले आणि मलम बदलून दिले.

ऑक्सिमीटरने असत्य सांगितले नव्हते. आम्हीच त्याला भलता प्रश्न विचारला होता. हे यंत्र बोटातून तांबडा व अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाश पाठविते. प्राणवायूने भरलेले रक्त आणि प्राणवायू सोडून दिलेले रक्त हे दोन प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या ठोक्यासरशी त्यात जो फरक पडतो, त्यावरून यंत्र हिशेब करते. जपानातील ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास ही युक्ती शोधली. तिच्यातून कळते ते एवढेच, की आलेल्या रक्तातील रंजकद्रव्यापैकी किती भाग प्राणवायूने भरलेला आहे. रक्त किती आले हे त्यातून कळत नाही. नळास पाणी बारीक धारेने येत असले तरी ते स्वच्छ असू शकते. पण त्या स्वच्छतेवरून हंडा किती वेळात भरेल हे कसे सांगावे? दादांच्या पायास येणारे थोडेसे रक्त चांगले होते, आणि अपुरे होते.

बारा दिवस गेले. माझी नात (पुतण्याची मुलगी) परीक्षेस निघाली म्हणून दादांच्या पाया पडली. देवपूजेसाठी त्यांनी मोजे काढले होते. ती वाकली ती तशीच थांबली आणि म्हणाली, "आजोबा, हे बोट काळे का झाले आहे?" घरातील आठ माणसांपैकी त्या पायाकडे खरोखर पाहिले ते तिने. त्याच दुपारी आम्ही दादांना घेऊन भोईवाड्यावरून परळच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो.

तेथील तरुण शल्यविशारदांनी प्रथम कोणत्याही यंत्रास हात लावला नाही. आपल्या हाताची मागची बाजू एकाच वेळी दोन्ही पावलांवरून फिरविली. उष्णतेतील फरक हाताच्या पाठीस लवकर कळतो. मग अंगठ्याचा अग्रभाग दाबून पांढरा केला आणि सोडला. रंग परत यावयास निरोगी माणसास दोनतीन सेकंद पुरतात, वृद्धांस किंचित् अधिक. दादांच्या उजव्या अंगठ्यास आठ लागले. मग त्यांना उताणे निजवून दोन्ही पाय वर उचलून धरले. उजवा तळवा पाहता पाहता फिका पडला, आणि पाय खाली सोडल्यावर हळूहळू जांभळट तांबडा झाला. अखेरीस पावलाच्या पाठीवर आणि घोट्याच्या आतल्या अंगास नाडी चाचपली. डावीकडे ती मंद लागली, उजवीकडे लागलीच नाही.

हे पाहताना शार्ङ्गधराची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. अंगठ्याच्या मुळाशी हात ठेवून वैद्याने नाडीची गती ओळखावी, वात कोपला असता ती जळू व सर्प यांच्यासारखी चालते, कफात हंसासारखी, असे त्याच्या संहितेत सांगितले आहे. तो पाठ मी शाळेत पुष्कळदा रसाळपणे सांगितला आहे. पण नाडी पायासही असते, आणि ती घरच्या माणसाने तीन बोटांनी चाचपून पाहावी, हे मला पासष्टाव्या वर्षी शिकावे लागले. पावलाच्या पाठीवरची नाडी काही निरोगी माणसांतही जन्मतःच लागत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. घोट्याची नाडीही लागेना तर शंका बळावते.

त्यानंतर यंत्रे आली. पहिले पेन्सिलीएवढे होते. थंड चिकट लेप लावून ते घोट्याशी टेकविताच खोलीत 'सूं सूं' असा आवाज होऊ लागला. दादा म्हणाले, "अरे, हे तर बोलते आहे!" ही डॉप्लरची किमया. दादर स्थानकावर न थांबता जाणारी गाडी शिटी देत येते तेव्हा स्वर चढा लागतो आणि ती पुढे निघून जाताच तोच स्वर उतरतो, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. क्रिस्तियन डॉप्लर याने १८४२ साली या गोष्टीचा नियम सांगितला, आणि १८४५ साली हॉलंडात आगगाडीवर तुतारी वाजविणारे बसवून तो पडताळून पाहण्यात आला. पेन्सिलीतून निघणारा ध्वनी आपल्या कानांस ऐकू येण्याच्या पलीकडचा असतो. तो धावत्या रक्तकणांवर आपटून परततो तेव्हा त्याचा स्वर बदललेला असतो, आणि तो बदल यंत्र आपणास ऐकविते. निरोगी रोहिणीचा आवाज उसळता व तुटक असतो. अडलेल्या रोहिणीचा मंद आणि लांबलेला. दादांच्या दोन पायांतील अंतर माझ्यासारख्या संगीत न कळणाऱ्यासही कळले.

या पेन्सिलीच्या साहाय्याने घोट्यातील रक्ताचा दाब मोजतात व त्यास दंडातील दाबाने भागतात. भागाकार ०.९ च्या खाली आला तर पायाची वाट अरुंद झाली असे समजतात. दादांचा भागाकार आला १.४४. मी मनात म्हटले, हा तर भरपूर झाला! शल्यविशारद हसले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, हा आकडा फसवा आहे. जुन्या मधुमेहात घोट्याच्या रोहिण्यांत चुना बसतो. त्या पट्ट्याखाली दबतच नाहीत, म्हणून दाब खोटा चढा दिसतो. आपण अंगठ्याला विचारू." बोटांतील बारीक रोहिण्यांस हा दोष सहसा कमी लागतो. अंगठ्यास लहान पट्टा बांधला आणि त्वचेवर प्रकाशाचा एक डोळा चिकटविला. ठोक्याठोक्यास त्वचेतील रक्त वाढते-घटते तसा परतणारा प्रकाश घटतो-वाढतो. ही पद्धत अमेरिकेत हर्ट्झमन याने १९३७–३८ च्या सुमारास पुढे आणली. हल्लीची मनगटी घड्याळे हिरव्या उजेडाने नाडी मोजतात तीही त्याच तत्त्वावर. पट्टा सैल करताना ही लहर ज्या दाबास पुन्हा दिसू लागते, तो अंगठ्याचा दाब. दादांचा निघाला २८. तो ३० च्या खाली असला तर जखम आपण होऊन भरण्याची आशा फार थोडी, आणि उपाय तातडीने करावयास हवा. घोट्याने जे झाकले ते अंगठ्याने सांगितले.

परळ भागास अशा मोजमापांचा इतिहास आहे, हे आमच्या वस्तीतील फार थोड्यांस ठाऊक असेल. केईएम रुग्णालय व शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. त्यांच्याच परिवारातून निघणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात १९८१ साली हृदय व रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद डॉ. जी. बी. परुळकर आणि ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे जी. डी. जिंदाल यांनी इतर सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. पायाच्या रोहिण्या कोठे अडल्या आहेत हे विजेच्या साहाय्याने, काहीही न टोचता, कसे ओळखावे, हा त्याचा विषय. युक्ती अशी: पायातून अतिशय क्षीण आणि अतिशय जलद दिशा पालटणारा प्रवाह सोडावयाचा, तो जाणवतही नाही. मांस, चरबी व हाड यांच्यापेक्षा रक्तातून वीज सुलभपणे जाते. म्हणून प्रत्येक ठोक्यास पायात रक्त भरले की विजेस होणारा अवरोध यत्किंचित् उतरतो. ही उतरण कागदावर रेखाटली म्हणजे लहर किती उंच आहे आणि किती उशिरा पोचली हे दिसते, व त्यावरून अडथळ्याचे ठिकाण अजमावता येते. ही रीत केवळ त्वचेचे माप देत नाही, सर्व पायाचे देते, हे खरे. परंतु अणुशक्तीच्या प्रयोगशाळेतील विद्या परळच्या रुग्णशय्येपाशी आली ही गोष्ट अभिमानाची आहे. या गिरणगावात आयुष्यभर साच्यावर उभे राहिलेल्या कामगारांच्या पायांची दुखणी काही थोडी नव्हती.

केवळ त्वचेतील प्रवाह मोजावयाचा तर त्यासाठी लेसरचा प्रकाश वापरतात. तत्त्व पुन्हा डॉप्लरचेच. ध्वनीच्या जागी प्रकाश. त्वचेत शिरलेला किरण चालत्या रक्तकणांवरून परतला की त्याच्या कंपनांत अत्यंत सूक्ष्म फरक पडतो. १९७५ साली मायकेल स्टर्न याने ही पद्धत जगापुढे मांडली. हा किरण सुमारे एक मिलिमीटर खोलीपर्यंतचीच वार्ता आणतो आणि तीही सापेक्ष आकड्यांत. अमुक मिलिलीटर रक्त वाहिले असे तो सांगत नाही. खोली गार असली, रोगी हलला, घाबरला किंवा नुकतीच विडी ओढून आला, तरी आकडा बदलतो. म्हणून शांत व उबदार खोलीत थोडा वेळ निजवून मगच मोजतात. भाजलेली कातडी किती खोलवर गेली आहे हे ठरविण्यासही या लेसरचा उपयोग होतो. आणखी एका रीतीत त्वचेवर लहानशी तबकडी चिकटवून ती जागा सुमारे ४४ अंशांपर्यंत तापवितात आणि कातडीतून बाहेर झिरपणारा प्राणवायू मोजतात. तेथे ऊब देणे यंत्राच्या पहाऱ्याखाली व ठराविक वेळ असते; माझ्या पिशवीस असा पहारा नव्हता.

रंगाविषयी एक शब्द. त्वचा लाल झाली, फिकी पडली अशी जी लक्षणे पुस्तकांत छापलेली असतात, ती पुष्कळदा गोऱ्या माणसांवरून लिहिलेली असतात. सावळ्या कातडीवर ती सहज दिसत नाहीत. ऑक्सिमीटरदेखील काळ्या वर्णाच्या रोग्यांत प्राणवायू आहे त्याहून अधिक दाखवितो, आणि कमतरता कधी कधी झाकली जाते, असे अमेरिकेतील वैद्यांनी २०२० साली आकडे देऊन दाखविले. म्हणून आपण नखे, तळहात, तळवे व ओठ पाहावेत, आणि डोळ्यांबरोबर हातावरही विश्वास ठेवावा. गारवा रंगाने लपत नाही.

दादांची हकीकत पुरी करतो. मांडीजवळच्या रोहिणीतून बारीक नळी घालून, फुग्याने अरुंद वाट रुंद करण्यात आली. हा उपाय टोचण्याचाच. पण तो कोठे व केव्हा करावा हे न टोचणाऱ्या मोजमापांनीच सांगितले. अंगठ्याचा दाब २८ वरून ५५ वर गेला. दुसरे बोट मात्र वाचले नाही. पाऊल वाचले. "बारा दिवस आधी आला असता तर..." एवढेच बोलून शल्यविशारद थांबले. ते वाक्य अजून माझ्या कानांत आहे, आणि ते पुरे करण्याचे धैर्य मला झालेले नाही.

म्हणून वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरी मधुमेही वडील आहेत अशांस, विनंती आहे. आठवड्यातून एक दिवस नेमावा, रविवार उत्तम. त्या दिवशी वडिलांना उजेडात बसवावे. दोन्ही पावले एकाच वेळी हाताच्या पाठीने चाचपावीत. बोटांची बेचकी, तळवा व टाच पाहावी. बोट दाबून रंग किती वेळात परततो ते मोजावे. दोन्ही ठिकाणची नाडी लागते का पाहावे. एका पायात गारवा, चालताना पोटरीत येणारी व थांबताच जाणारी कळ, रात्री पाय खाली सोडावासा वाटणे, न भरणारी जखम, काळसर पडलेले बोट, यांपैकी काहीही आढळले तर मलमावर दिवस घालवू नयेत. आणि 'वयोमान' हे उत्तर घेऊन परत येऊ नये. "अंगठ्यातला दाब मोजता काय?" असे वैद्यांस नम्रपणे विचारावे. तंबाखू असेल तर ती सोडवावी. आणि वडिलांनीही 'मला काही होत नाही' म्हणून मोजा चढवून बसू नये. बधिर पायाचे न दुखणे हेच त्याचे दुखणे असते.

आमच्या घरी हा नेम दोन वर्षे चालू आहे. हे काम परीक्षेहून परतलेल्या त्या नातीकडेच दिले आहे. रविवारी सकाळी ती दादांपुढे पाटावर बसते, एकेक बोट पाहते आणि वहीत तारीख टाकून दोन ओळी लिहिते. परवा धाकटा नातू घाईघाईने नमस्कार करून पळत होता. दादांनी त्याला थांबविले व म्हणाले, "अरे, हात लावलास, तसे पाहूनही जा."